तुम्ही विचारलंत म्हणून: झाडावर बसायला सॅडल की स्टँड?

हरणाच्या शिकारीसाठी झाडावर बसायला काय घ्यावं, हा प्रश्न ऑगस्ट लागला की मला हमखास येतो. विचारणारे बहुतेक डेट्रॉइटच्या आसपास राहणारे मराठी लोक असतात. कुणी ऑफिसातल्या मित्राबरोबर एकदा रानात जाऊन आलेलं असतं, कुणाच्या मुलीने वर्गातल्या मैत्रिणींचं ऐकून हट्ट धरलेला असतो, तर कुणी नुकतंच हंटर सेफ्टीचं प्रमाणपत्र मिळवलेलं असतं. मिशिगनमध्ये धनुष्यबाणाचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि बंदुकीचा १५ नोव्हेंबरला. त्यामुळे हातात दीड-दोन महिने असतात आणि दुकानात गेलं की समोर दोन रस्ते दिसतात: झाडाला बांधायचं मचाण, म्हणजे ट्री स्टँड, किंवा कमरेला बांधायचं सॅडल.

मी दोन्ही वापरते. सरकारी जंगलात सॅडल, आणि ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या रानात शिडीचा स्टँड. पण कुठलं घ्यावं याच्या आधी मी उलट एक प्रश्न विचारते. जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत जमिनीला टेकेपर्यंत तुम्ही सतत दोराने झाडाशी बांधलेले राहणार आहात का? ज्या साधनात तुम्ही हे न कंटाळता, दर वेळी, अंधारातसुद्धा कराल, ते तुमचं साधन. वजन, किंमत, आराम हे सगळं त्याच्यानंतर.

मुळात झाडावर चढायचंच कशाला, असं घरचे विचारतात. व्हाइटटेल हरणाचं नाक विलक्षण तिखट असतं. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. नारिंगी रंग त्याला आपल्यासारखा उठून दिसत नाही, पण हालचाल लगेच कळते. १५-१८ फुटांवर बसलं की आपण त्याच्या नजरेच्या रेषेच्या वर जातो आणि आपला वासही बराचसा वरून निघून जातो. सकाळी ऊन चढताना हवा वर सरकते तेव्हा हे फार चांगलं जमतं. संध्याकाळी हवा थंड होऊन खाली उतरते आणि तेव्हा झाड कुठलं निवडलं याला जास्त महत्त्व येतं.

इथल्या मुलांना हे सगळं बापाकडून, आजोबांकडून कळतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. मचाण म्हटलं की आपल्याला पाणवठ्यावरची बुद्धपौर्णिमेची प्राणीगणना आठवते. ते योग्यच झालं. पण त्यामुळे इथे येऊन शिकार शिकणाऱ्या मराठी माणसाला घरात विचारायला कुणी नसतं, आणि ज्या गोष्टी इथल्या लोकांना सांगाव्या लागत नाहीत त्या आपल्याला सांगाव्या लागतात. म्हणून मी जरा लांबण लावते.

स्टँडचे तीन प्रकार नेहमी दिसतात. शिडीचा स्टँड म्हणजे वर आसन असलेली लांब शिडी, झाडाला टेकवून पट्ट्यांनी आवळायची. हँग-ऑन म्हणजे नुसतं आसन आणि पाय ठेवायची जाळी. ते वर टांगायचं आणि चढायला वेगळ्या स्टिक्स, म्हणजे पायऱ्या असलेल्या छोट्या काठ्या, खोडाला बांधायच्या. क्लाइंबरचे दोन भाग असतात, एक हातांनी वर सरकवायचा, दुसरा पायांनी ओढून घ्यायचा, असं करत अख्खा स्टँड आपल्याबरोबर वर चढतो. क्लाइंबरला सरळ, फांद्या नसलेलं खोड लागतं. पॉप्लरवर तो सुरेख चालतो. पसरलेल्या जुन्या ओकवर त्याचा काही उपयोग नाही, आणि शरद ऋतूत हरणं तर ओकची फळं खायला त्याच ओकखाली येतात.

सॅडल अगदी वेगळं आहे. नितंबांना आणि मांड्यांना खालून आधार देणारा रुंद कापडी पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना जोडलेला ब्रिज नावाचा छोटा दोर, आणि तो ब्रिज कॅराबिनरने, म्हणजे उघड-बंद होणाऱ्या कडीने, टेदरला अडकवलेला. टेदर म्हणजे साधारण डोक्याच्या उंचीवर खोडाला आवळलेला मुख्य दोर. पाय एका लहानशा प्लॅटफॉर्मवर, तोंड झाडाकडे, आणि अंगाचा भार मागे, झोळीत रेलल्यासारखा. उंच झाडं छाटणारे लोक असल्याच पट्ट्यांत काम करतात. आमच्या मिशिगनचेच जॉन एबरहार्ट कित्येक दशकं सॅडलमधून शिकार करत आणि त्याबद्दल लिहीत आले आहेत. तेव्हा फार थोडे लोक तसं बसायचे. आता दुकानात अख्खी भिंत सॅडलची असते.

आता पडण्याबद्दल. लोकांना वाटतं माणूस वर बसल्या बसल्या डुलकी लागून पडतो. तसंही होतं. पण धोक्याची खरी वेळ चढण्या-उतरण्याची असते: शिडीच्या शेवटच्या पायरीवरून आसनावर पाऊल टाकताना, हँग-ऑन टांगताना दोन्ही हात गुंतलेले असताना, रात्री बोटं बधिर झालेली असताना खाली उतरताना. उद्योगाच्या मानकांप्रमाणे बनवलेल्या स्टँडच्या खोक्यात पूर्ण अंगाचा हार्नेस, म्हणजे खांदे-छाती-मांड्यांना बांधायचे पट्टे, येतोच. तो खोक्यातच राहतो, कारण त्याच्याशिवायही आसनावर बसता येतं. सॅडलमध्ये तसं करताच येत नाही. तिथे दोर हेच आसन आहे. न बांधता बसायची सोयच नाही. सॅडल मला मनापासून आवडतं ते याचसाठी.

पण सॅडल घेतलं की पडायची भीती संपली असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सॅडल हे पडत्या माणसाला झेलण्यासाठी बनवलेलं नसतं, दोर सतत ताणलेला असेल तेव्हा धरून ठेवण्यासाठी असतं. टेदरमध्ये दोन-तीन फूट ढील सोडून तुम्ही घसरलात तर सगळा झटका कमरेवर बसतो, आणि हा दोर ताण पडला तरी फारसा लांबत नाही. माणूस उलटा होऊ शकतो. म्हणून टेदर कधीही ढिला ठेवायचा नाही आणि त्याच्या गाठीच्या वर चढायचं नाही. चढताना कमरेभोवतून आणि खोडाभोवतून घेतलेला लाइनमन्स बेल्ट असतो, तो दोन्ही हात मोकळे ठेवतो. पण पाय सुटला तर तो एकटा खोडावरून खाली घसरत येऊ शकतो, म्हणून मी टेदरही चढताना बरोबर वर सरकवत नेते. मध्ये फांदी आली तर दुसरा दोर आधी फांदीच्या वर बांधायचा, त्यावर भार टाकून बघायचा, आणि मगच खालचा सोडायचा. हा क्रम हातात बसेपर्यंत सॅडल घेऊन रानात जाऊ नये.

स्टँडसाठी उपाय सोपा आणि स्वस्त आहे: लाइफलाइन. आसनाच्या वर बांधून खोडाच्या बुंध्यापर्यंत सोडलेला दोर, त्यावर प्रुसिक गाठ, आणि गाठीला तुमचा हार्नेस. तुम्ही चढता तशी गाठ वर सरकवत न्यायची. पाय सुटला की ती आवळते. स्टँडच्या आधी लाइफलाइन विकत घ्या, असं मी प्रत्येकाला सांगते. हार्नेसमध्ये लटकून राहायची वेळ आली तर मांड्यांच्या पट्ट्यांमुळे पायांत रक्त साचायला लागतं आणि ते जिवावर बेतू शकतं, म्हणून पाय अडकवून उभं राहता येईल असा रिलीफ स्ट्रॅप जवळ हवा. फोन पाठीवरच्या पिशवीत ठेवू नका, छातीच्या खिशात ठेवा. कुठल्या झाडावर आहात ते घरी कुणालातरी कळवून जा. धनुष्य किंवा बंदूक हातात घेऊन चढायचं नाही. ती वेगळ्या दोरीने मागाहून वर ओढायची, बंदूक रिकामी आणि बाणांची पाती झाकलेली.

जमीन कुणाची आहे यावर पुढचा निर्णय बराचसा आपोआप होतो. शिडीचा स्टँड २० किलोच्या पुढेच असतो, उभा करायला तीन माणसं लागतात, आणि एकदा उभा केला की हंगामभर तिथेच. स्वतःची किंवा परवानगीची जमीन असेल तर त्याच्याइतकं निवांत दुसरं काही नाही. सरकारी जमिनीवर ठेवलेल्या स्टँडवर नाव-पत्ता किंवा ओळखक्रमांक लिहावा लागतो, खोडाच्या आत घुसणारे स्क्रू चालत नाहीत, आणि तो ठेवायची-काढायची मुदत असते. नियम त्या त्या वर्षाच्या पुस्तिकेत वाचा. शिवाय वारा फिरला, किंवा तुमच्या झाडाखाली कुणीतरी आधीच उभं असलं, तर शिडी काही खांद्यावर टाकून नेता येत नाही. सॅडल स्वतः किलोभराचं. स्टिक्स आणि प्लॅटफॉर्म धरून सगळं सहा-सात किलो. क्लाइंबर आठ ते अकरा किलोचा, आणि चालताना खडखडतो. माझ्यासारख्या लहान चणीच्या बाईला पहाटे दोन मैल दलदलीच्या कडेने जायचं असेल तर हा फरक पाठीला लगेच कळतो.

झाडाबद्दल एक सांगते, ते आमच्या भागात फार महत्त्वाचं आहे. एमरल्ड ॲश बोअरर हा हिरवा भुंगा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळच पहिल्यांदा सापडला आणि त्याने ॲशची झाडं अफाट प्रमाणात मारली. मेलेला ॲश लवकर ठिसूळ होतो. तो सरळ, मोकळा आणि चढायला सोयीचा दिसतो, आणि नेमका तिथेच नवीन माणूस फसतो. ऑक्टोबर संपता संपता पानं गळाली की जिवंत-मेलेलं ओळखणं कठीण जातं, म्हणून झाड सप्टेंबरमध्ये, पानं असताना ठरवा. साल सुटणारं शॅगबार्क हिकरीही टाळा. साधन कुठलंही असो, वजन शेवटी झाडच पेलतं.

नेम धरताना दोन्हींत फरक पडतो. स्टँडवर पाठ झाडाला असते आणि समोरचं सगळं मोकळं दिसतं. अर्थात तुम्हीही समोरून दिसता. सॅडलमध्ये तोंड झाडाकडे, त्यामुळे खोडाच्या आड लपता येतं. उजव्या हाताने धनुष्याची दोरी ओढणाऱ्याला डावीकडचा नेम सहज जमतो, उजवीकडे मात्र प्लॅटफॉर्मवर पाय बदलून अख्खं अंग फिरवावं लागतं. म्हणून हरणाची वाट आपल्या डाव्या हाताला येईल अशा बाजूने झाडावर चढायचं. आणि कृपा करून फार उंच जाऊ नका. २५ फुटांवरून कोन इतका तिरका होतो की बाण दोन्ही फुप्फुसांतून जाणं अवघड होतं. एकाच फुप्फुसाला लागलेलं हरीण लांब पळतं, रात्रभर कळवळतं, आणि कधी सापडतही नाही. आपण एक जीव घेणार आहोत. तो झटकन गेला पाहिजे, ही आपली जबाबदारी आहे, आणि उंचीचा मोह त्याच्या आड येतो.

आराम ज्याच्या त्याच्या अंगावर. सॅडलमध्ये कमरेच्या दोन्ही बाजूंना चिमटा बसतो अशी तक्रार बहुतेक जण करतात. बऱ्याचदा ब्रिजची लांबी आणि टेदरची उंची बदलली की ती जाते. टेदर वर-खाली घेतला की बसण्याची ढबही बदलते, करून बघा. गुडघे खोडाला टेकतात, तिथे पॅड लावा. पण १५ नोव्हेंबरच्या थंडीत दिवसभर बसायचं असेल, किंवा गुडघे दुखत असतील, तर मी सरळ शिडीचा स्टँड सांगते.

पहिल्या वर्षी, परवानगीची जमीन मिळत असेल, तर शिडीचा स्टँड, लाइफलाइन आणि हार्नेस. बरोबर अनुभवी माणूस. जमीन नसेल आणि सरकारी जंगलातच जायचं असेल तर सॅडल घ्या, पण आधी घराच्या मागच्या झाडावर जमिनीपासून फूटभर उंचीवर सगळा सराव करा: बांधणं, सोडणं, फांदी ओलांडणं, वळून नेम धरणं. मग हेडलॅम्प लावून, मग हातमोजे घालून. जुना स्टँड कुणी फुकट देत असेल तर पट्टे नवीन घ्या. उन्हाने ते कुजतात, खारी ते कुरतडतात, आणि वर्षभर झाडावर राहिलेला पट्टा झाड वाढल्यामुळे आतून ताणलेला असतो.

नोव्हाय-कँटनच्या बाजूला राहत असाल तर विकत घेण्याआधी माझं सॅडल कमरेला लावून बघायला सप्टेंबरमध्ये या. येताना नोव्हेंबरचा जाड कोट आणि पँट घेऊन या, कारण माप त्यावरून घ्यायचं असतं.