चार वर्षं, एक प्रोटीन आणि माझं रक्त

आमचा पोऱ्या सहा महिन्यांचा होईपर्यंत ठणठणीत होता, आणि मग जे सुरू झालं ते थांबेचना, कान वाहणं, छातीत कफ, दोनदा न्यूमोनिया, दर महिन्याला अँटिबायोटिक. रावेरला सासरी आधी म्हणे दात येताहेत, मग म्हणे नजर लागली, सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, मी पण गप्प बसले कारण दुसरं काही सुचत नव्हतं. भुसावळ झालं, जळगाव झालं. सगळीकडे एक्स-रे, सीबीसी, सलाईन. चार वर्षं!

शेवटी एका मॅडमनी टॉर्च मारून घसा बघितला, परत बघितला, म्हणाल्या याचे टॉन्सिल काढलेत का? म्हटलं नाही हो. मग दिसत का नाहीत? तेवढ्यावरून त्यांनी आयजीजी, आयजीए, आयजीएम या जंतूंशी लढणाऱ्या अँटिबॉडींची टेस्ट लिहून दिली, तिन्ही पार तळाला. एवढी साधी टेस्ट आधी कोणालाच सुचली नाही याचा राग मला आजही येतो. मग मॅडमनी विचारलं, माहेरी कोणी मुलगा लहानपणी गेलाय का. माझा एक मामा तीन वर्षांचा असताना छातीच्या तापाने गेला, आजी अजून त्याचं नाव निघालं की उठून आत जाते.

भुसावळहून रात्रीची गाडी पकडून दादर, तिथून परळ, केईएमच्या आवारातच आयसीएमआरची एनआयआयएच ही रक्ताच्या आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांवरची सरकारी संस्था आहे. तिथे समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. अँटिबॉडी म्हणजे पण प्रोटीनच, ते बनवायचं काम बी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींचं, पण बोन मॅरोत ती पेशी मोठी होताना तिला आधी बीटीके नावाचं वेगळंच प्रोटीन लागतं, ते नसलं की पेशी अर्ध्यातच मरते, रक्तात येतच नाही. पहिले सहा महिने नाळेतून गेलेल्या माझ्याच अँटिबॉडी त्याला पुरल्या होत्या. आमचे हे कापसाच्या जिनिंगला आहेत, लगेच म्हणाले, म्हणजे कापूस आलाय पण सरकी काढायचा रेचाच बंद, मग गठाण कुठून बांधणार. डॉक्टर हसले, पण हो म्हणाले.

बी पेशीच नाहीत तर बीटीके बघायचं कुठे? तर मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशीतही ते असतं, त्याला रंग लावून मशीनवर बघतात. पोराच्या पेशींनी रंग धरलाच नाही. माझंही रक्त घेतलं होतं, माझ्या ग्राफवर मात्र दोन डोंगर! काही पेशींत प्रोटीन आहे, काहींत नाही, कारण हे प्रोटीन बनवणारा जीन एक्स क्रोमोसोमवर आणि बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू असतो. माझ्या बी पेशी ज्या वाचल्या त्या सगळ्या चांगल्याच, म्हणून मला कधी काही झालं नाही. मी तो कागद घेऊन बाकड्यावर बसून राहिले. मामा गेला १९७४ ला, ब्रुटन नावाच्या डॉक्टरने हा आजार १९५२ लाच लिहून ठेवला होता, पण जीन सापडला १९९३ ला. आजीला कोण सांगणार होतं.

आता दर चार आठवड्यांनी आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून अँटिबॉडी, पंधरा किलोच्या पोराला साडेसात ग्रॅम, चार-पाच तास हळूहळू. हजारावर लोकांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटिबॉडी असतात त्या. बाटली दोन ते आठ डिग्रीत ठेवायची, आणि मे महिन्यात जळगावात पंचेचाळीस! थर्माकोलच्या डब्यात बर्फ, मधे टॉवेल, कारण बाटली गोठली तरी वाया. एसटीत डबा मांडीवर धरून बसते, कंडक्टर विचारतो मासे का ताई.

पण खरी अडचण धाकट्या बहिणीची. तिच्यातही हा बिघडलेला जीन असायचा निम्मा चान्स, असलाच तर मुलगा झाल्यावर परत निम्मा. फोनवर बोलायला धीर होईना, नुकतंच लग्न झालंय. आखाजीला दोघी माहेरी अमळनेरला आलो तेव्हा सांगितलं, ती झोक्यावर होती. बराच वेळ काही बोलली नाही, पाय टेकून झोका थांबवला आणि म्हणाली, दादरची गाडी किती वाजता असते गं ताई?