सोलापूरच्या उन्हाला न घाबरणारी गांधीलमाशी

रसवंत्यांचे घुंगरू वाजायला लागले की मागच्या चिपाडाच्या ढिगावर तांबड्या गांधीलमाश्या हजर. बाकीचे किडे दुपारी सावली धरतात, ही मात्र भर बाराच्या उन्हात जोरात असते. विटकरी अंग, पिवळं तोंड, पोटावर रुंद पिवळा पट्टा, ओल्या चिपाडाला तोंड लावून बसते अन् पोट सारखं आतबाहेर हलत असतं, बघत राहावंसं वाटतं.

आमच्याकडं जुनी माणसं सांगतात, ती डसली की अंगावर गांधी उठतात म्हणून गांधील. इंग्रजीत हॉर्नेट, ते जुन्या इंग्रजीतल्या हिर्नेटवरनं आलं आणि त्याचं नातं शिंगाशी लावतात. शास्त्रीय नाव वेस्पा ओरिएंटॅलिस, म्हणजे लॅटिनमध्ये पूर्वेकडची गांधीलमाशी. हो, वेस्पा स्कूटरचं नाव पण याच शब्दावरनं, ती १९४६ ला इटलीत निघाली आणि आता बारामतीत पण बनते.

पण तिची खरी कमाल यातल्या एकाही नावात नाही बघा. तेल अवीवच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की तिच्या तपकिरी कातडीवर बारीक खाचा असतात, त्यात ऊन अडकतं, आणि पिवळ्या पट्ट्यातलं झँथोप्टेरिन नावाचं रंगद्रव्य ते शोषून घेतं, त्यातनं थोडी वीज पण तयार होऊ शकते. ही जमिनीत घर करते, आतली माती तोंडात धरून बाहेर आणून टाकते, आणि ऊन जेवढं कडक तेवढं हे काम जोरात चालतं! म्हणजे आपण ज्या उन्हात दारं लावून बसतो त्यात हिची ड्युटी. आंबलेला रस आणि पिकून फुटलेली द्राक्षं पण तिला चालतात, २०२४ मध्ये तिला ८० टक्के अल्कोहोल असलेलं साखरपाणी पाजून बघितलं तरी काही झालं नाही.

मधमाश्या मारते हे खरं, डाळिंबाच्या बागेत मधाच्या पेट्या ठेवणाऱ्यांचा राग मला कळतो. डंखाचं पण हसण्यावारी नेऊ नका, तिचा काटा मधमाशीसारखा तुटून राहत नाही, ती परत परत मारते, श्वास लागला किंवा तोंड सुजलं तर थेट दवाखाना गाठा. दाराशी किंवा पोरांच्या वाटेत घर असेल तर जाणकार माणसाकडनं काढून घ्या. पण लांब बांधाच्या कडेला बीळ दिसलं म्हणून रॉकेल ओतून पेटवू नका ओ, तिथं ती अळ्या-किडे पकडून पिल्लांना घालत असते, राहू द्या तिला.