टिकल्यांची हत्तीण आणि कशेळीचा हत्ती

दृश्यकलावंत भारती खेर यांची ‘द स्किन स्पीक्स अ लँग्वेज नॉट इट्स ओन’ ही २००६ची कलाकृती मी केवळ छायाचित्रांत पाहिली आहे. तरीही कोकणात राजापूरकडच्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, फिरताना ती हटकून आठवते. खऱ्या हत्तिणीएवढी ही फायबरग्लासची मूर्ती जमिनीवर कोसळलेली आहे आणि ती प्राण सोडते आहे की उठण्यासाठी धडपडते आहे, हे कितीही निरखले तरी ठरत नाही. तिचे सर्वांग पांढऱ्या टिकल्यांनी मढवलेले आहे. त्या टिकल्या गोल नाहीत, शेपटीवाल्या शुक्रजंतूच्या आकाराच्या आहेत. बाजारात एका बाईच्या कपाळावर तशी टिकली पाहून खेर यांनी दुकानात होत्या तेवढ्या विकत घेतल्या, आणि पुढे तेच त्यांचे माध्यम झाले.

खेर यांचा जन्म १९६९चा, लंडनमधला. नव्वदच्या दशकाच्या आरंभी त्या दिल्लीत आल्या. म्हणजे आईवडिलांनी केलेला प्रवास त्यांनी उलटा केला. त्यामुळे त्या हत्तिणीवरच्या टिकल्या मला अलंकार वाटत नाहीत. नव्या मुलखात माणसाच्या अंगावर इतरांनी डकवलेली ओळखच त्यांत दिसते. (२०१०च्या लिलावात या मूर्तीला दहा लाख पौंडांच्या आसपास किंमत आली, तो आकडा इथे गौण आहे.)

ती मला या सड्यांवर आठवते ती इथल्याच कशेळी गावच्या हत्तीमुळे. तिथल्या कातळशिल्पातला, म्हणजे जमिनीच्या खडकात कोरलेल्या चित्रातला, हा हत्ती सुमारे १८ मीटरांचा आहे. त्याच्या बाह्यरेषेच्या आत मासे, पक्षी आणि इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. खेर यांच्या हत्तिणीची ओळख बाहेरून चिकटलेली, तर या हत्तीने सारी जीवसृष्टी पोटात घेतलेली. मला हा दुसरा विचार अधिक धाडसी वाटतो. २०२२मध्ये कोकणातली ही कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आली.

कलेतल्या हत्तीविषयी कळवळा वाटणे सोपे असते. २००२च्या सुमारास कर्नाटकातून सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात उतरलेल्या हत्तींची गोष्ट तशी नाही. वीस वर्षे उलटली तरी बोलताना ते ‘कर्नाटकातले’च राहिले आहेत, जसा आमचा चाकरमानी मुंबईत कोकणी आणि गणपतीला गावी आला की मुंबईकर. पण ज्याची केळीची बाग एका रात्रीत आडवी झाली, त्या बागायतदाराला स्थलांतराचे रूपक ऐकवायला मी तरी धजणार नाही. त्याला आधी वेळेवर पंचनामा आणि पुरेशी भरपाई हवी असते.