डार्टमूर लॉग: सहावी फेरी, पाय अजून दोनदा टेकतोय

तर मंडळी, इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावर (इथे त्याला मूर म्हणतात) प्रिन्सटाउन ते बरेटर तलाव आणि परत हा लूप सायकलवरून एकदाही पाय न टेकवता मारायचाय असं मी मार्चमध्ये मोठ्या तोंडाने लिहून बसलोय, त्याचा हा पुढचा हिशोब. पहिल्या फेरीत अकरा वेळा पाय टेकला होता (खरं तर नऊ वेळा पाय आणि दोन वेळा अख्खा मी), आणि या रविवारी सहावी फेरी झाली त्यात आकडा दोनवर आला. ते दोन कुठले ते सांगतोच, आधी बाकीचं.

रूट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, प्रिन्सटाउनमधून दक्षिणेला निघायचं, साउथ हेसरी टॉरच्या (टॉर म्हणजे माथ्यावर उघडा खडक असलेली टेकडी) बाजूने नन्स क्रॉस, तिथून पश्चिमेला वळून क्रेझीवेल पूल नावाच्या तळ्याजवळून खाली नॉर्सवर्दी ब्रिजला उतरायचं, मग बरेटर तलावाच्या कडेकडेने शीप्सटर गाव आणि तिथून आइल्सबॅरोच्या जुन्या कथलाच्या खाणीचा चढ चढून पुन्हा नन्स क्रॉस आणि प्रिन्सटाउन. वीस-पंचवीस किमीचं प्रकरण आहे, कागदावर बघितलं तर सकाळचा नाश्ता पचवायला जाऊन येऊ असं वाटतं, मला पहिल्या वेळी साडेचार तास लागले.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण मागच्या लॉगनंतर तीन जणांनी तेच विचारलं, मूरवर हवी तिथे सायकल चालवता येते का. डार्टमूर ९५४ चौरस किमीचं उघडं माळरान दिसतं म्हणून कुठेही सायकल घालता येत नाही. १९८५ च्या डार्टमूर कॉमन्स कायद्याने मोकळीक दिली ती पायी चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना, २००० सालच्या कायद्याने दिलेली मोकळीक तर फक्त पायी. आपल्याला हक्क मिळतो तो ब्राइडलवेवर (घोड्यांनाही मुभा असलेली वाट), तोही १९६८ च्या कंट्रीसाइड अॅक्टमुळे, आणि त्यात स्पष्ट आहे की चालणाऱ्याला आणि घोडेवाल्याला आपण वाट द्यायची. ऑर्डनन्स सर्व्हे (ओएस) या सरकारी नकाशा संस्थेच्या एक्सप्लोरर नकाशावर (ओएल २८ घ्या) लांब हिरव्या तुटक रेघा म्हणजे ब्राइडलवे, आखूड हिरव्या रेघा म्हणजे फुटपाथ. दुसऱ्या फेरीत मी पावसात, चष्म्यावर थेंब असताना आखूडलाच लांब समजलो आणि अर्धा तास सायकल हातात धरून परत आलो. तेव्हापासून घरीच हायलायटरने रूट रंगवून नेतो, हसा खुशाल.

आता मुद्द्याचं, म्हणजे दगड. सह्याद्रीतल्या शेवाळलेल्या काळ्या कातळावर आपटून मोठा झालेला माणूस मी, ओला दगड दिसला की माझी बोटं आपोआप ब्रेककडे जातात. इथे ती सवय उलटी पडते. ग्रॅनाइट जवळून बघा एकदा, सायकल आडवी टाकून गुडघ्यावर बसून बघा, पांढरे फेल्डस्पारचे चौकोनी स्फटिक नखाएवढे वर आलेले असतात, मधे काचेसारखे क्वार्ट्झचे दाणे, काळा चकचकीत अभ्रक, हात फिरवला तर खसखशीत खवणी. ओला असला तरी टायर धरतो. घसरतं ते दगडावर नाही, दगड आणि माती यांच्या मधल्या चार इंचांत, आणि तिथेच आपण ब्रेक दाबून बसलेलो असतो. हे कळायला मला तीन फेऱ्या आणि एक कोपर लागलं. आता क्रेझीवेलच्या उतारावर ब्रेक लावायचा तो मोठ्या सपाट दगडावर, आणि मातीत शिरताना सोडून द्यायचा. सांगायला सोपं आहे, जिवावर येतं पहिल्यांदा.

त्याच उतारावर पाण्याचे आडवे दगड आहेत, वाट वाहून जाऊ नये म्हणून तिरके रोवलेले. पाणी बाजूला जावं म्हणून तिरके, आणि तिरके म्हणूनच पुढचं चाक त्यांच्या कडेवरून सरकत जातं. जाण्याआधी हँडल थोडं वळवून दगडाला काटकोनात घ्यायचं, पुढचं चाक जरा हलकं करायचं, बस. पाचव्या फेरीत एकही चुकला नाही, सहाव्यात एकावर पेडल आपटलं पण पाय टेकला नाही म्हणून तो हिशोबात धरत नाही.

ब्रेक पॅडची कथा वेगळी सांगायला हवी कारण त्यात चूक माझीच आहे. इथला ग्रॅनाइट हजारो वर्षं कुजतो, त्यातला फेल्डस्पार मऊ चिकणमाती होतो पण क्वार्ट्झला काही होत नाही, त्यामुळे खाली राहतो तो भरड मुरूम. तिथले लोक त्याला ग्राउअन म्हणतात. कोरडा असताना झकास, चाक छान पळतं. ओला झाला की चिकणमाती आणि क्वार्ट्झचं खरखरीत पीठ होतं, आणि ते डिस्क आणि पॅडच्या मधे जाऊन बसतं, म्हणजे तुम्ही ब्रेक लावत नाही, पॉलिश पेपर घासताय. चौथ्या फेरीला नवे कोरे रेझिनचे (मऊ प्रकारचे) पॅड घालून निघालो होतो. शीप्सटरला पोचेपर्यंत लिव्हर हँडलला टेकायला लागला, आइल्सबॅरोच्या चढावर ब्रेकचं काय काम म्हणून तसाच रेटलो, आणि नन्स क्रॉसकडे उतरताना मागून असा आवाज आला की बाजूची मेंढरंही उठून उभी राहिली. लोखंडावर लोखंड. खाणीच्या पडक्या भिंतीच्या आडोशाला बसून पॅड बदलले असते, पण बदलायला होते कुठे, ते गाडीत. पुढच्या एका ब्रेकवर रडतरखडत आलो. आता सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड वापरतो, आवाज करतात, सुरुवातीला थंड असताना नीट धरत नाहीत, पण ओल्या दिवसात जास्त टिकतात, आणि एक जोडी खिशात असतेच.

टायर २९ गुणिले २.४, ट्यूबलेस, हवेचा दाब पुढे २२ पीएसआय मागे २५. मार्चमध्ये मागे ३० होतं आणि प्रत्येक सुट्ट्या दगडावर चाक उड्या मारत होतं. गॉर्सच्या (इथलं काटेरी झुडूप) काट्यांसाठी टायरमध्ये भोकं बुजवणारं सीलंट हवंच.

पाचव्या फेरीत धुकं मिळालं. मूरवरचं धुकं येत नाही, असतंच, म्हणजे तुम्ही खाली बघून गिअर बदलता आणि वर बघता तर टॉर गायब. साउथ हेसरी ते नन्स क्रॉस वाट सरळ आणि रुंद आहे त्यामुळे चुकायची भीती नव्हती, पण मन कुठे ऐकतं. वाटेच्या बाजूला पीसीडब्ल्यूडब्ल्यू १९१७ असं कोरलेले दगड लागतात, प्लिमथच्या पाणीपुरवठ्याच्या पाणलोटाची हद्द दाखवणारे. एक दिसला की पुढचा दिसेपर्यंत श्वास रोखून पेडल मारायचं, असं करत करत अचानक समोर सिवर्डचा क्रॉस, म्हणजेच नन्स क्रॉसचा दगडी क्रूस, उभा राहिला, माणसापेक्षा उंच. हा १२४० च्या हद्दीच्या पाहणीतही नोंदलेला आहे, मधे कधीतरी मोडला होता आणि लोखंडी पट्ट्यांनी सांधलाय. मी त्या सांध्यावर हात ठेवून दोन मिनिटं उभा राहिलो (थांबलो तर पाय टेकतोच, तो मोजत नाही, नियम माझेच आहेत).

तिथून पूर्वेला फॉक्स टॉर मायर्स ही दलदल आहे, तिकडे जायचं नाही एवढंच. दलदल ओळखायची युक्ती सगळ्यांना माहीत असते, जिथे हिरवा रंग जरा जास्तच सुंदर दिसतो तिथे शेवाळाखाली पाणी असतं. मला माहीत असूनही पहिल्या फेरीत वाटेवरचं डबकं चुकवायला बाजूच्या त्या गोड हिरव्यात चाक घातलं, चाक हबपर्यंत आत आणि मी हँडलवरून पुढे. मऊ पडलो, लागलं काहीच नाही, पण बूट दोन दिवस वाळले नाहीत. आता डबकं आलं की सरळ मधून. एक तर डबक्याच्या तळाशी बहुतेक मुरूम असतो, आणि कडेकडेने गेलं की पीट (कुजलेल्या वनस्पतींची मऊ माती) तुडवला जाऊन वाट दर वर्षी हातभर रुंद होते.

बरं, आता ते दोन पाय. पहिला आइल्सबॅरोच्या चढावर. तलावापासून वर दोनशे मीटरपेक्षा जास्त चढ आहे, पण चढाने दम जात नाही, सुट्ट्या दगडांनी जातो. पावसाने मधली माती धुऊन नेलीय आणि नारळाएवढे गोटे उरलेत, बसून मारलं तर पुढचं चाक भटकतं, उभं राहून मारलं तर मागचं फिरतं. सहा फेऱ्यांत एवढं शिकलो की सीटच्या अगदी टोकावर बसायचं, हनुवटी हँडलकडे, आणि एक गिअर जड ठेवायचा, हलक्या गिअरमध्ये पाय भिरभिरतात आणि चाक सुटतं. खाणीजवळ ग्रॅनाइटचे छोटे खांब जोडीजोडीने उभे आहेत, पाणचक्कीची ताकद लांबवरच्या शाफ्टपर्यंत (खाणीची उभी विहीर) नेणारे लोखंडी दांडे एकोणिसाव्या शतकात त्यांच्यावरून सरकायचे. त्या खांबांपर्यंत पोचलो की जिंकलो असं मी ठरवलंय. रविवारी साधारण दीडशे मीटर आधी एक घोडी शिंगरू घेऊन वाटेत उभी होती, सरकेना. वाट तिची, मी थांबलो. हा पाय मोजायचा का नाही यावर घरी वाद चालू आहे, मी प्रामाणिकपणे मोजलाय.

दुसरा पाय मात्र निव्वळ माझा. नॉर्सवर्दीच्या थोडं आधी गुडघाभर उंचीची दगडी पायरी आहे, उजवीकडून गेलं तर घळ, डावीकडून भिंत, मधूनच घ्यावी लागते. प्रत्येक वेळी कडेपर्यंत येतो, खाली बघतो, आणि बघितलं की संपलं. या वेळी सायकल खाली ठेवून पायरी मोजली, टेपने नाही, माझ्या वितीने. अडीच विती. घरामागच्या ओट्यावरून मी रोज तीन वितींची उडी मारतोय. पुढच्या फेरीत सॅडल आणखी खाली घेणार आणि नजर पायरीवर न ठेवता पुढच्या वळणावरच्या झाडावर ठेवणार, त्याची एक फांदी आडवी वाढलीय, तीच धरून चाललोय.

मूरवरच्याच हॅमल डाउन टेकडीचा रूट विचारणाऱ्यांना, ग्रिम्सपाउंड या प्राचीन वस्तीच्या अवशेषांच्या बाजूने वर जाऊन विडकम गावाला उतरायचा बेत आहे, पण तो ही पायरी झाल्यावर. उत्तरेकडे जाणारे असाल तर लष्कराच्या रेंजचं फायरिंगचं वेळापत्रक बघून जा, लाल झेंडा असेल तर आत जायचं नाही. सातवी फेरी पाऊस नसेल तर दोन आठवड्यांनी, असेल तर सिंटर्ड पॅडची दुसरी जोडी घेऊन.