रात्री अडीचचं जेवण

आमच्या घरात रात्री अडीच वाजता गॅस पेटवायला बंदी आहे. लेखी नाही, पण आहे. घर दोन खोल्यांचं, ओटा संपतो तिथून चार पावलांवर आईची कॉट. लायटर एकदा वाजला तरी ती उठून बसते, "आलास?" विचारते आणि मग पहाटेपर्यंत तिला झोप नाही. मी पुण्यातल्या एका दैनिकात उपसंपादक आहे. शहर आवृत्तीचं शेवटचं पान सोडून, गाडी काढून घरी पोचायला दोन-सव्वादोन होतात. सहा-सात वर्षांपूर्वीपर्यंत मी झाकून ठेवलेली पोळी-भाजी उभ्याउभ्या खायचो. गार पोळीचं काही नाही, पण गार वांग्याच्या भाजीवरचा तेलाचा तवंग त्या वेळी बघितला की नोकरी सोडावीशी वाटायची.

सुरुवात तिथून झाली. काही वाचून किंवा कुणाचं व्याख्यान ऐकून मी 'रॉ व्हीगन'कडे वळलो नाही. पस्तिशीनंतर दूध पचेनासं झालं, म्हणून दूध-दही-तूप गेलं. लायटर वाजवायचा नाही, म्हणून शिजवणं गेलं. मध मला लहानपणापासूनच आवडत नाही. एवढं सगळं गेल्यावर उरलं त्याला रॉ व्हीगन म्हणतात, हे पुरवणी विभागातल्या एका मुलीनं माझा डबा बघून सांगितलं. तोवर मी त्याला नुसतं 'रात्रीचं' म्हणत होतो.

आधीच सांगतो, दुपारी मी आईच्या हातची भाकरी आणि आमटी खातो आणि दोन घास जास्तच खातो. रात्रीचं एक जेवण आणि घरातलं बहुतेक गोडधोड एवढंच कच्चं. चोवीस तास कच्चं खाणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण थंडीत पिठल्यावाचून राहणं मला जमणार नाही.

आईचं पहिलं मत असं होतं की हे जनावराचं खाणं. ती राजापूरकडची. तिला म्हटलं, अगं, तूच चैत्रात हरभऱ्याची डाळ भिजवून, भरड वाटून, त्यात कैरी किसून घालतेस, ती आंबेडाळ कुठे शिजवतेस? सोलकढी कधी चुलीवर चढवलीस? खमंग काकडी, कोशिंबिरी, ओल्या खोबऱ्याची चटणी? यावर ती म्हणाली, "फोडणी असते त्याला." आणि तिथे मी गप्प बसलो. कारण सोलकढी सोडली तर तिचं म्हणणं खरं होतं. मराठी माणसाला कच्चं खाण्याचं वावडं नाही, त्याला बिनफोडणीचं खाण्याचं वावडं आहे. कोशिंबिरीवर चर्र आवाज करत हिंग-मोहरी पडली नाही तर ती आपल्याला चिरून ठेवलेली भाजी वाटते.

या फोडणीपायी मी वर्षभर अडलो होतो. कच्चं घाण्याचं तेल वरून घालून बघितलं. छान लागतं, पण ती वेगळी चव. हिंग पाण्यात कालवून घातला, तो औषधासारखा लागला. उत्तर शेवटी लोणच्याच्या बरणीत सापडलं. लोणच्याला आई मोहरी फेसते. फोडणीत मोहरी तडतडली की तिचा तिखटपणा जवळजवळ मरतो, खमंगपणा तेवढा उरतो. तीच मोहरी वाटून थंड पाण्यात फेसली की नाकात जाते, डोळ्यांत पाणी आणते. अख्खा दाणा चावून बघा, आधी काही लागत नाही. दाणा फुटून ओला झाला की मगच आतले दोन घटक एकमेकांना भेटतात आणि झणका तयार होतो. पाणी गरम घेतलं तर तो होतच नाही. म्हणजे ही गोष्ट गॅस न पेटवताच चांगली होते.

आता मी मोहरीची कोरडी भरड लहान बाटलीत भरून ठेवतो. कोरडी असेपर्यंत ती गप्प असते. रात्री घरी आलो की बूट काढायच्या आधी एका वाटीत चमचाभर भरड आणि चमचाभर थंड पाणी. हातपाय धुऊन येईपर्यंत दहा मिनिटं जातात आणि ती चवताळलेली असते. मग लिंबू. लिंबू आधी पिळायचं नाही, आंबट आधी पडलं तर झणका अर्ध्यावरच थांबतो. हे वाटण काकडीला लावलं की पहिल्या घासाला टाळू हलते. फोडणीची आठवण येत नाही असं नाही, पण हिचं आपलं एक वेगळं राज्य आहे.

रोजचं म्हणाल तर मटकी. सकाळी झोपायच्या आधी भिजत घालायची, संध्याकाळी कामावर निघताना उपसून पंच्यात बांधायची. एप्रिलमध्ये दुसऱ्या दिवशी दुपारीच मोड दिसतात, डिसेंबरात दोन दिवस लागतात, तेव्हा गाठोडं भाकरीच्या डब्यात ठेवून डबा शालीत गुंडाळतो. मोड बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा लांब होऊ द्यायचे नाहीत, नंतर कडसर लागतात. त्यावर बारीक चिरलेला कोबी, किसलेलं गाजर, कैरी असली तर कैरी, खोवलेलं खोबरं, मिरची, मीठ. खोबरं विळीवर खोवतो. विळी हे रात्रपाळीवाल्या माणसासाठीच घडवलेलं हत्यार आहे, आवाज म्हणून करत नाही. पहिल्या वर्षी मी यात कच्च्या दाण्याचं कूट घातलं होतं, ते भिकार लागतं, मातकट. भाजलेलं कूट नियमात बसत नाही. मी ते घालतो. भाद्रपद-आश्विनात ओल्या शेंगा येतात तेव्हा तेही घालावं लागत नाही, त्यांचे दाणे तसेच दुधाळ असतात.

नियमाचं म्हणजे असं की साधारण ४२ ते ४८ अंशांच्या पुढे तापवलेलं काहीही कच्चं धरत नाहीत, आकडा माणसागणिक बदलतो. या हिशेबानं आपल्या स्वयंपाकघरातल्या बऱ्याच 'कच्च्या' वस्तू बाद होतात. गूळ म्हणजे आटवलेला रस. दडपे पोहे आपण शिजवत नाही, पण पोहे मुळात भिजवून, भाजून, चेपलेले. काजूगर दुकानातून आणतो तेसुद्धा कच्चे नसतात, टरफलातला तेलकट चीक जाळतो म्हणून बिया आधी वाफवतात किंवा भाजतात. खरे कच्चे ते ओले काजूगर, कोकणात उन्हाळ्याच्या तोंडाला मिळतात ते. आईच्या लहानपणी हाताला राख फासून ते सोलायचे, तरी बोटांची सालं निघायची म्हणते. इकडे पुण्यात मंडईत कधीमधी वाट्यावर दिसतात. भाव ऐकून मी पुढे सरकतो.

एक गोष्ट घडली ती लपवत नाही. तिसऱ्या वर्षी जुलैत, पावसानं हवा ओलीकच्च असताना, मटकीचं गाठोडं सोडलं तर हाताला जरा बुळबुळीत लागली. वासही आंबूस. अडीच वाजलेले, भूक लागलेली, मी धुतली आणि खाल्ली. पुढचे दोन दिवस माझं पान दुसऱ्यानं लावलं. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही लागते, एवढं शाळेत शिकलो होतो. तेव्हापासून पावसाळ्यात मोड आलेलं कच्चं बंद, फक्त भिजवलेली मुगाची डाळ, तीही चार तासांत संपवायची. राजमा तर कधीच कच्चा खायचा नाही, तो विषारी आहे, मोड आणले तरी. अळूचं कुणाला सांगायला नको.

त्या आजारपणातून उठून कामावर गेलो तेव्हा शेजारच्या खुर्चीवरचे जोशीबुवा (हे त्यांचं खरं नाव नाही) म्हणाले, "अहो, गांधीजींना नाही जमलं, तुम्ही कोण?" मला वाटलं थट्टा करताहेत. पण २ ऑक्टोबरचा मजकूर त्यांनी पंचवीस वर्षं लावलाय, त्यांना पाठ आहे. १९२९ साली साबरमतीला गांधीजींनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग सुरू केला होता. बरोबर आश्रमातले काही जण होते. गांधीजी आपल्या 'यंग इंडिया' साप्ताहिकात त्याबद्दल लिहीत होते, वाचकांना अनुभव कळवायला सांगत होते, आणि पुढे पोट बिघडल्यावर त्यांना तो सोडावा लागला. मला त्यांच्या हरण्यापेक्षा लिहून टाकण्याचं कौतुक वाटलं. म्हणून माझी बुळबुळीत मटकीही इथे लिहिली.

डॉक्टरांनी बी-१२ची गोळी दिली आहे. वनस्पतींतून ते मिळत नाही, गोळी घ्यावीच लागते. घेतो. पुढे.

गोडाबद्दल जास्त लिहायचं आहे, कारण मी गोडखाऊ आहे आणि दूध सुटल्यावर सगळ्यात आधी माझं शिकरण गेलं होतं. ते नारळाच्या दुधानं परत आणलं. संध्याकाळी कामावर जायच्या आधी, आई टीव्हीसमोर असताना, मिक्सर तेवढा फिरवून घेतो. एका नारळाचं खोबरं, कपभर कोमट पाणी, फडक्यातून पिळायचं. हे पहिलं दूध, दाट. चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरं काढायचं, ते पातळ, ते सोलकढीला. पहिल्या दुधात केळं कुस्करायचं, दोन खजूर, वेलदोडा. केळं अगदी काळे ठिपके पडलेलं हवं. गाईच्या दुधाच्या शिकरणाला एक सपकपणा असतो, तो यात नाही, शेवटी घशात खोबरं रेंगाळतं. फ्रिजमध्ये ठेवलं तर वर जाड साय धरते, ती चमच्यानं काढून आधी खायची की ढवळायची यावर माझं आणि माझं रोज भांडण होतं.

केकची कथा मात्र वेगळी. भाचीचा वाढदिवस मे महिन्यात असतो. मी ठरवलं की कच्चा चीजकेक करून न्यायचा. नावात चीज असलं तरी त्यात चीज नाही: खाली बदाम-खजुराचा कुटून थापलेला थर, वर भिजवलेले काजू, नारळाचं दाट दूध, लिंबू आणि हापूसचा रस एकत्र वाटून, त्यात खोबरेल. काजूंचं वर कबूल केलंच आहे. सगळं रात्रभर फ्रीजरमध्ये. सकाळी साच्यातून असा सुटला की फोटो काढावा. काढलाही. तोच एक पुरावा. कारण खोबरेल तेल २४-२५ अंशांना वितळतं, हे थंडीत बाटलीत गोठलेलं तेल बघणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असतं, आणि मी दुपारी एक वाजता, मे महिन्यात, स्कूटरच्या पुढच्या फळीवर डबा ठेवून कोथरूडहून हडपसरला निघालो होतो. स्वारगेटच्या सिग्नलला डब्यातून डचमळल्याचा आवाज आला.

बहिणीनं झाकण उघडलं, बघितलं आणि पाहुण्यांसमोर शांतपणे म्हणाली, "दादानं आम्रखंड आणलंय." वाट्यांतून वाढलं. तळाचा बदामाचा थर तिनं चिवडून वरून पेरला. तिच्या सासूबाईंनी दोनदा घेतलं आणि चक्का कुठला म्हणून विचारलं. बहीण म्हणाली, "घरचा." मी काही बोललो नाही. त्यानंतर मी चीजकेक करायचा सोडून दिला, मुद्दाम हे आम्रखंडच करतो, खोबरेल अजिबात न घालता.

पण खरा कच्चा गोड पदार्थ माझ्या मते साठं. आंब्याचा रस ताटात पातळ पसरून उन्हात वाळवलेला, बस. साखर घालणारे घालतात, रायवळ आंबा चांगला पिकलेला असेल तर लागत नाही. ताटाला खोबरेलाचा हात, त्यावर रस, वर मलमलचं फडकं, चार-पाच दिवस कडक ऊन, वरची बाजू सुकली की त्यावर पुन्हा एक थर. परदेशात यासाठी विजेवर चालणारं वाळवण्याचं यंत्र घेतात, त्यावर अंशांचा काटा असतो. आमच्या गच्चीला काटा नाही. एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीच्या आसपास असतो, म्हणजे नियमातच बसतो असं मी धरून चालतो.

यंदा चार ताटं लावली आहेत. मी अकराला उठतो, त्यामुळे सकाळी ताटं वर नेऊन ठेवणं आणि कबुतरं हाकणं हे आईकडे. गुडघे दुखतात म्हणत ती दोन मजले चढते, पत्र्याच्या सावलीत स्टूल टाकून पेपर वाचत बसते. तिसऱ्या दिवशी बघितलं तर दोन ताटांच्या कडा आत सरकलेल्या. मी विचारलं. ती म्हणाली, "पाखरं रे, किती बघणार मी एकटी?" फडकं जागच्या जागी होतं, चारी कोपऱ्यांवर दगड तसेच.

काल रात्री आलो तर लायटर न वाजताच ती जागी होती. कॉटवरूनच म्हणाली, "त्या दुसऱ्या ताटाला गोडी कमी आहे. त्यातला आंबा वेगळा होता का?"