हरभऱ्याची मर आणि ट्रायकोडर्मा, माझा अनुभव

आमचं रान जिंतूर तालुक्यात, काळी जमीन, सोयाबीन निघालं की हरभरा. आणि दरवर्षी मर ठरलेली. चांगलं हिरवं झाड मान टाकायचं, उपटून मूळ उभं चिरलं की आत काळपट तपकिरी रेघ. हे काम फ्युजेरियम नावाच्या बुरशीचं, ती जमिनीत वर्षानुवर्षं तग धरते, त्यामुळं झाड सुकायला लागल्यावर वरून काहीबी फवारलं तरी पैसे वाया.

मग परभणीच्या कृषी विद्यापीठातून ट्रायकोडर्मा आणलं. ही पण बुरशीच, पण आपल्या कामाची. ती रोगाच्या बुरशीच्या धाग्यांना वेढे घालते, एन्झाइम सोडून त्यांचं कवच विरघळवते अन् मुळाजवळची जागा स्वतः धरून बसते. म्हणून ती पेरणीच्या आधीच जमिनीत पाहिजे.

पावडर नुसती फेकून देऊ नका भाऊ, खरी मेहनत शेणखतात आहे. चांगलं कुजलेलं खत लिंबाच्या सावलीत पसरलं, एकरी अडीच किलोच्या हिशोबानं पावडर गुळाच्या पाण्यात कालवून त्यात मिसळली आणि वरून ओली पोती झाकली. ओल अशी पाहिजे की मुठीत दाबलं तर लाडू व्हावा पण पाणी गळू नये. मधून मधून खालीवर करायचं, आठ-दहा दिवसात आधी पांढरी बुरशी दिसते मग हिरवट होते, तो हिरवा रंग बघितला तेव्हा मला लई बरं वाटलं, कारण जिवंत माल आहे याची खात्री तिथंच होते. मग संध्याकाळी रानात टाकून लगेच वखरलं, उन्हात पडू दिलं नाही.

बियाण्याला किलोला ५ ग्रॅम चोळलं, सावलीत सुकवलं, त्यावर रायझोबियम, म्हणजे मुळाच्या गाठीत राहून पिकाला हवेतला नत्र देणारे जिवाणू. कार्बेन्डाझिम हे रासायनिक बुरशीनाशक सोबत अजिबात लावायचं नाही, ते ट्रायकोडर्मालाच मारतं. पाकीट घेताना तारीख बघा, उन्हात ठेवलेलं घेऊच नका.

मर पूर्ण गेली असं म्हणणार नाही, खोलगट भागात पाणी साचतं तिथं अजून झाडं जातात. पण आधी मोठाले पट्टे रिकामे व्हायचे, आता इकडंतिकडं एखादं झाड. शेजारच्या काकांनी घाटे भरताना विचारलं, त्यांना म्हटलं काका आता उशीर झाला, पुढच्या पेरणीला खत मीच तुमच्यासोबत तयार करतो. यंदा तुरीलाबी हेच करतोय, सोबत मरीला दाद न देणारं बीडीएन ७११ बियाणं घेतलंय.