दार वाजवून दोन पावलं मागं

दार वाजवलं की दोन पावलं मागं सरून उभं राहायचं, म्हणजे उघडणारा माणूस बिचकत नाही. ही पहिली शिकवण मला २०१७च्या सप्टेंबरात, व्हर्जिनियातल्या अॅशबर्नमध्ये, एका बाईंच्या गॅरेजात मिळाली. घडीचं टेबल, कॉफी, डोनट आणि पत्रकांचे गठ्ठे. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवाराचं आमच्या भागातलं प्रचार कार्यालय ते एवढंच.

माझ्याकडे तेव्हा ग्रीन कार्ड होतं, मत नव्हतं. प्रचाराला कायद्याची आडकाठी नाही. नवरा हसला, "स्वतःला मत नाही आणि लोकांकडे मागतेस?" पण सांगोल्यात सहावीत असताना तरी मला कुठं मत होतं? शेकापचा लाल बावटा लावलेल्या सायकलीमागं अण्णांबरोबर स्लिपा वाटत फिरायचेच की.

अण्णांना फोनवर इथली विधानसभा समजावताना मजा यायची. शंभर आमदार, दर दोन वर्षांनी निवडणूक, एका मतदारसंघात साधारण ८० हजार माणसं. "बायामाणसं, पोरंटोरं धरून?" हो. "मग ही झेडपीच झाली की गं!" खोटं नव्हतं. म्हणून तर भोंगे न लावता, मोठ्या सभा न घेता, नुसतं पायी फिरून ती जिंकता येते.

फोनवरच्या अॅपमध्ये यादी असायची : नाव, वय, पत्ता. चाळीस दारं वाजवली की सात-आठ उघडायची. बाकीच्यांपुढं 'घरी नाही' अशी खूण करून पत्रक दाराच्या मुठीला अडकवायचं. टपालपेटीत टाकायचं नाही, तो इथं गुन्हा. दार उघडलंच तर ट्रम्पचं नाव आपण काढायचं नाही, "तुम्हाला इथं कशाचा त्रास होतो?" असं विचारायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला फार जड गेलं. लोक टोलवर बोलत, शाळेतल्या गर्दीवर बोलत. शेजारच्या मनासस भागात डॅनिका रोम तर रूट २८च्या वाहतूक कोंडीवरच लढत होती. ती ट्रान्सजेंडर आहे याची चर्चा देशभर, आणि ती बोलत होती रस्त्याबद्दल. तीही निवडून आली.

टाउनहाउसमधली एक बाई तिसऱ्या खेपेला भेटली. दोन ठिकाणी साफसफाईचं काम, मूलबाळ नाही, विमा नाही. तेव्हा व्हर्जिनियात मूल नसलेला धडधाकट माणूस कितीही गरीब असला तरी त्याला मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्य विमा, मिळत नसे. हे वॉशिंग्टननं अडवलंय अशी तिची समजूत. मी म्हटलं, नाही, हे रिचमंडात, आपल्या राज्याच्या राजधानीत अडलंय, तुमच्याच आमदारांच्या सभागृहात. तिनं आमदाराचं नाव विचारलं. एवढ्या वर्षांत तो तिच्या दारात कधी आला नव्हता.

७ नोव्हेंबरला संध्याकाळी पाचलाच अंधार झाला. मतदान सातपर्यंत होतं, पण पाय दुखत होते, म्हणून मी एक अख्खी गल्ली सोडली. आमचा उमेदवार आला, पक्षाच्या जागा ३४वरून ४९ झाल्या. पण न्यूपोर्ट न्यूजच्या ९४व्या मतदारसंघात फेरमोजणीनंतर दोघांना बरोबर ११,६०८ मतं! जानेवारीत चिनी मातीच्या वाडग्यातून चिठ्ठी काढली, ती रिपब्लिकन उमेदवाराची निघाली आणि सभागृह ५१-४९ राहिलं. ते गाव आमच्यापासून कितीतरी लांब, तरी मला माझी ती गल्लीच आठवत राहिली.

बहुमत हुकलं, पण रिपब्लिकनांची घाबरगुंडी उडाली होती. २०१८मध्ये त्याच सभागृहानं मेडिकेडचा विस्तार मंजूर केला, सुमारे चार लाख लोक पात्र ठरले. २०१९ला सभागृहच हाती आलं. त्याचं सगळं श्रेय आमच्या चपलांना देणार नाही. वंशाच्या आधारावर आखलेले काही मतदारसंघ कोर्टानं बदलायला लावले होते, त्याचाही हात होता. त्या वर्षी मी नागरिक झाले, पहिलं मत दिलं आणि छातीवर स्टिकर लावून अण्णांना फोटो पाठवला. त्यांचा एकच प्रश्न : "बोटाला शाई कुठाय?"

२०२१ला पुन्हा हरलो, ५२-४८. गॅरेजात माणसं निम्मी, डोनट उरलेले. अण्णा त्या साली आधीच खचलेले. सांगोल्यातून अकरा वेळा आमदार झालेले शेकापचे गणपतराव देशमुख जुलैत गेले होते. मी रडगाणं लावलं, तसे म्हणाले, "पंच्याण्णवला साहेब पडलेच की. नव्व्याण्णवला परत आणले. मधी काय आम्ही झोपलो हुतो व्हय? यादी काढ."

पुढच्या खेपेला काढली. त्या टाउनहाउसच्या पत्त्यावर आता दुसरंच नाव होतं, वय वर्षं एकोणीस.